मुळे चंदेरी झाली की पाणी

माझ्याकडच्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचा पहिला बहर ओसरल्यानंतर दुसरा बहर पाहायला मला जवळजवळ तीन वर्षे लागली. या तीन वर्षांत रोप मेले नाही, उलट दर काही महिन्यांनी एखादे नवे पान काढत राहिले, आणि म्हणूनच आपले काही चुकते आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. घरात उष्णकटिबंधीय फुलझाडे लावणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते: झाड जगवणे जमते, फुलवणे जमत नाही. जगण्यासाठी झाडाला जे लागते आणि फुलण्यासाठी जे लागते ते एकच नसते, आणि फुलण्यासाठी लागणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी आपल्या डोळ्यांना किंवा त्वचेला जाणवतच नाहीत. त्या मला कशा कळत गेल्या ते इथे सविस्तर लिहिते आहे.

रोप भेट म्हणून आले तेव्हा त्याच्या कमानदार दांड्यावर नऊ पांढरी फुले होती आणि ती दहा आठवडे टिकली. या प्रजातीला कार्ल लुडविग ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये जे नाव दिले, त्याचा अर्थच ‘पतंगासारखे दिसणारे’ असा आहे, आणि संध्याकाळच्या अंधूक उजेडात ती फुले दांड्यावर ओळीने येऊन बसलेल्या पतंगांसारखीच दिसत. मी ते रोप बैठकीच्या खोलीत मधोमध, मेजावर ठेवले होते. खोली मला चांगली उजेडाची वाटत असे, तिथे दिवसा दिवा न लावता वाचता येत असे. फुले गळून गेल्यावरही रोप तिथेच राहिले. पुढच्या चौदा महिन्यांत त्याला तीन पाने आली. प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा लांब, मऊ आणि गडद हिरवे. तो गडद हिरवा रंग पाहून मला समाधान वाटायचे. गडद हिरवे म्हणजे निरोगी, असा माझा समज होता.

तो समज चुकीचा होता. प्रकाश कमी पडला की पुष्कळ झाडे पानातले हरितद्रव्य वाढवतात आणि पान अधिक रुंद किंवा लांब करतात, म्हणजे मिळेल तेवढा प्रकाश गोळा करता यावा. पुरेशा प्रकाशात वाढलेल्या फॅलेनॉप्सिसचे पान थोडे फिकट, पोपटीकडे झुकणारे आणि हाताला ताठ लागणारे असते. माझ्या रोपाची लोंबणारी गडद पाने म्हणजे ते चौदा महिने अर्धपोटी राहिल्याची खूण होती.

हे पडताळून पाहण्यासाठी मी मोबाइलमध्ये प्रकाश मोजण्याचे एक साधे ॲप घेतले. अशा ॲपचा आकडा काटेकोर नसतो, पण एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करायला तो पुरतो. मेजावर भर दुपारी १८० लक्स प्रकाश होता. पूर्वेकडच्या खिडकीपासून चार फुटांवर तो १,२०० पर्यंत गेला आणि त्याच खिडकीपासून एका फुटावर, पातळ पडद्यामागे, सकाळी नऊ वाजता तो ११,००० होता. माझ्या डोळ्यांना या तीन जागा जवळजवळ सारख्याच वाटत होत्या. याचे कारण डोळ्याच्या घडणीत आहे: बाहुली आकुंचन पावते किंवा विस्फारते, दृष्टिपटल स्वतःला जुळवून घेते, आणि साठपट फरक आपल्याला थोडासा फरक म्हणून जाणवतो. पानाकडे अशी कोणतीही सोय नाही. भर उन्हात मोकळ्यावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, आणि झाडांच्या फांद्यांवर दाट पर्णछत्राखाली वाढणाऱ्या या ऑर्किडला त्यातला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १०,००० ते १५,००० लक्स, मानवतो. मी त्याला त्याच्याही पन्नासाव्या हिश्श्यावर ठेवले होते. हा आकडा पाहिल्यावर मला खरोखर वाईट वाटले.

रोप मी खिडकीशी हलवले, मात्र एकदम नाही. सावलीत वाढलेली पाने अचानक प्रखर उजेडात आली तर करपतात आणि त्या डागांचा रंग पुन्हा कधी परत येत नाही, म्हणून तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने पुढे आणले. पान उन्हाच्या वेळी हाताला गरम लागले तर ऊन जास्त आहे, ही खूण मी अजूनही वापरते.

याच सुमारास एका रोपवाटिकेत काम करणाऱ्या अनुभवी बाईंना मी पानांचे फोटो दाखवायला गेले. त्यांनी ते बाजूला ठेवायला सांगितले. “पाने नंतर पाहू. आधी मुळे कशी आहेत ते सांगा,” असे त्या म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही, कारण वर्षभरात मी मुळे एकदाही पाहिली नव्हती.

घरी येऊन रोप कुंडीतून काढले. शोभेच्या चिनी मातीच्या भांड्यात प्लास्टिकची कुंडी होती आणि भांड्याच्या तळाशी बोटभर पाणी साचलेले होते. कुंडीत वरवर झाडाच्या सालीचे तुकडे दिसत होते, पण मधोमध, रोप लहान असताना ज्यात वाढवले होते तो शेवाळाचा घट्ट गोळा तसाच राहिला होता आणि तो पिळला तर पाणी निघत होते. वरचा थर कोरडा दिसला की मी पाणी घालत होते आणि आतला गोळा कधीच वाळत नव्हता. एकूण चौदा मुळे मोजली. त्यातली पाचच टणक होती. उरलेली तपकिरी, पोकळ झालेली होती आणि बोटांनी ओढली की त्यांचे साल मोज्यासारखे निसटून आत फक्त दोरा उरत होता.

या मुळांची रचना समजल्यावर मला पाणी घालण्याची रीत नव्याने शिकावी लागली. फॅलेनॉप्सिस निसर्गात मातीत वाढत नाही, ते दुसऱ्या झाडाच्या सालीला धरून राहते आणि त्याची मुळे हवेत लोंबतात. पावसाची सर येते, मुळे चिंब होतात आणि वाऱ्याने काही तासांत वाळतात. या मुळांवर मृत पेशींचे एक सच्छिद्र आवरण असते, ज्याला वनस्पतिशास्त्रात व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी पांढरे दिसते. पाणी शोषले की आवरण पारदर्शक होते आणि आतले हरितद्रव्य दिसू लागते, म्हणून मूळ हिरवे होते. म्हणजे तहान लागली की नाही हे हे रोप स्वतःच रंगाने सांगत असते. मी ती खूण दोन थरांच्या अपारदर्शक भांड्यांत झाकून ठेवली होती आणि आठवड्याचा वार ठरवून पाणी घालत होते.

कुजलेली मुळे मी स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापली, शेवाळ पूर्ण काढले, आणि एक-दोन सेंटिमीटरच्या सालीच्या तुकड्यांत थोडा लाकडी कोळसा मिसळून रोप पारदर्शक कुंडीत लावले. कुंडी आधीपेक्षा लहान घेतली. पाचच मुळे उरलेल्या रोपाला मोठी कुंडी देण्याचा मोह होतो, पण मुळांनी न व्यापलेली जागा ओली राहते आणि पुन्हा कुज सुरू होते. तेव्हापासून आजपर्यंत पाण्याचा नियम एकच आहे: कुंडीच्या भिंतीला टेकलेली मुळे चंदेरी झाली की सकाळी कुंडी दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. कधी हे पाच दिवसांनी येते, कधी अकरा. साल दोन वर्षांत कुजून भुसभुशीत होते आणि मग तीही शेवाळासारखेच पाणी धरून ठेवते, त्यामुळे तेवढ्या अवधीने ती बदलावीच लागते.

सकाळी पाणी घालण्यामागे एक दुःखद कारण आहे. दरम्यान मी जांभळ्या फुलांचे दुसरे फॅलेनॉप्सिस आणले होते, आणि एका संध्याकाळी त्याची धुळकटलेली पाने ओल्या फडक्याने न पुसता मी थेट नळाखाली धुतली. मधल्या पानांच्या बेचक्यात चमचाभर पाणी रात्रभर राहिले. असे आणखी एकदोनदा झाले असावे. दोन आठवड्यांत सर्वांत कोवळे पान बुडापाशी काळे पडले आणि हलकेच ओढताच हातात आले. फॅलेनॉप्सिसला वाढीचा एकच शेंडा असतो. तो कुजला की त्या खोडाची उंची तिथेच संपते. क्वचित बुंध्यातून पिल्लू फुटते. माझ्या रोपाला फुटले नाही. ते मी चार महिने राखले, उरलेली पाने एकेक करून पिवळी पडताना पाहिली, आणि ते गेल्याची चुटपुट अजून आहे. आता पाणी बेचक्यात गेले तर त्याच क्षणी कागदाच्या कडेने टिपून घेते.

खतपाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नायट्रेटयुक्त विद्राव्य खत, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याने, वाढीच्या दिवसांत तीन पाण्यांपैकी दोन पाण्यांत देते आणि तिसरे पाणी नुसते देऊन साठलेले क्षार धुऊन टाकते. मुळांची टोके काळी पडू लागली तर खत थांबवते.

हवेतल्या दमटपणाने मात्र मला बरेच भटकवले. पानांवर फवारे मारण्याची सवय अनेकांना असते, मलाही होती, पण खोलीत आर्द्रतामापक ठेवल्यावर दिसले की फवारल्यानंतर वाढलेला आकडा काही मिनिटांत पूर्ववत होतो. झाडे जवळजवळ ठेवली तर ती एकमेकांच्या बाष्पाचा थोडा फायदा घेतात आणि आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास टिकतो, एवढे या रोपांना चालते. एकदा मी काचेच्या बंद कपाटाचाही प्रयोग केला. लंडनच्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांना १८२९ मध्ये झाकण लावलेल्या बाटलीत नेचे उगवलेले दिसले आणि त्यातून काचपेटीची कल्पना निघाली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे ऑस्ट्रेलियापर्यंत जिवंत पोहोचली. नेच्यांना बंद काच मानवते हे खरे, पण फुलावर असलेल्या माझ्या ऑर्किडच्या पाकळ्यांवर साचलेल्या दमट हवेत आठवड्यात बुरशीचे करडे ठिपके आले. दमटपणाबरोबर हवा हलती राहणे तितकेच गरजेचे आहे, म्हणून आता कपाटाऐवजी एक छोटा पंखा मंद गतीवर भिंतीकडे तोंड करून चालू असतो.

प्रकाश आणि मुळे सुधारल्यावर उष्ण महिन्यांत रोपाला सहा नवी मुळे आणि दोन ताठ पाने आली, पण फुलाचा दांडा आला नाही. मी खत बदलण्याच्या बेतात होते. तेवढ्यात तापमानाविषयी वाचले आणि हात आवरला. फॅलेनॉप्सिस मूळचे उष्ण प्रदेशातले, म्हणून त्याला जितकी ऊब तितके बरे असे आपण मानतो, आणि पानांच्या वाढीपुरते ते खरेही आहे. मात्र दिवसाचे तापमान २८ अंशांच्या वर राहिले तर बहुतेक संकरित जाती पानेच काढत राहतात. ते काही आठवडे २५ अंशांच्या खाली उतरले की पानांच्या बुडाशी झोपलेले डोळे जागे होतात. रात्री गारवा दिला की दांडा येतो असे सर्रास सांगितले जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिवसाचे आणि रात्रीचे तापमान वेगवेगळे बदलून पाहिले गेले, आणि त्यातून असे दिसले की निर्णायक असते ते दिवसाचे तापमान. दिवस गरम ठेवून फक्त रात्र गार केल्याने काम होत नाही. मी उन्हाळाभर रात्री खिडकी उघडी ठेवत होते आणि दुपारी खोली ३१ अंशांवर जात होती. ते श्रम वाया का गेले याचे उत्तर इथे मिळाले.

थंडी सुरू झाल्यावर रोप मी खिडकीशीच राहू दिले. दिवसा २३ ते २४ आणि रात्री १७ ते १८ अंश असे पाच आठवडे गेले, आणि वरून तिसऱ्या पानाच्या खाली एक हिरवा कोंब दिसला. तो मूळ आहे की दांडा हे ओळखायला मला आणखी दहा दिवस लागले. मुळाचे टोक गोल, गुळगुळीत आणि चमकदार असते. दांड्याचे टोक किंचित चपटे, बोटे मिटलेल्या लहान मुलाच्या हातमोज्यासारखे असते आणि पुढे त्याच्यावर पेरे दिसू लागतात. पहिला बहर संपल्याला तेव्हा एकवीस महिने झाले होते. त्या कोंबाकडे मी रोज भिंग घेऊन पाहत असे.

दांड्याला सात कळ्या आल्या. खिडकीतल्या वाऱ्यापासून जपण्यासाठी मी रोप स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, प्रकाशाच्या दिव्याखाली आणले, आणि चार दिवसांत सातही कळ्या पिवळ्या पडून गळल्या. पाणी, खत, तापमान सगळे तपासले. कुठेच चूक सापडेना. शेवटी लक्ष गेले ते हातभर अंतरावरच्या फळांच्या टोपलीकडे. पिकलेल्या सफरचंदांतून आणि केळ्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. या वायूचा झाडांवर होणारा परिणाम दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर दाखवला होता आणि पिकणारी सफरचंदे तो स्वतः तयार करतात हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. फळ पिकवणारा तोच वायू ऑर्किडच्या कळीला मात्र गळून पडण्याचा निरोप देतो, आणि त्यासाठी हवेत त्याचे अत्यल्प प्रमाणही पुरते. जागा बदलल्याचाही थोडा वाटा असेल, पण सात कळ्या एकदम जाण्याइतका तो नसावा असे मला वाटते. रोप अजून पूर्ण सावरलेले नव्हते, म्हणून दांडा मी बुडाशी कापला आणि पुढच्या थंडीपर्यंत थांबायचे ठरवले.

त्या वर्षभराच्या वाट पाहण्यात मला याच वायूचे दुसरे रूप पाहायला मिळाले. माझ्याकडे गुझमेनिया नावाचे ब्रोमेलियाड होते, अननसाच्या कुळातले. त्याचे मूळ रोप लाल तुरा देऊन वाळून गेले होते आणि बुडाशी आलेले पिल्लू अडीच वर्षांचे होऊनही फुलत नव्हते. ब्रोमेलियाडच्या बाबतीत इथिलीन उलट काम करते: पुरेशा वाढलेल्या रोपाला ते फुलायला लावते, आणि अननसाच्या शेतीत याचा उपयोग फार पूर्वीपासून केला जातो. मी गुझमेनियाच्या मधल्या पेल्यातले पाणी ओतून टाकले, दोन पिकलेली सफरचंदे कुंडीवर ठेवली, आणि संपूर्ण रोप पारदर्शक पिशवीत आठ दिवस बांधून उन्हापासून दूर ठेवले. पिशवी काढल्यावर पेला पुन्हा भरला. सात आठवडे काहीच दिसले नाही आणि मी आशा सोडली होती. दहाव्या आठवड्यात पेल्याच्या तळाशी लाल ठिपका दिसला आणि पुढच्या महिन्यात तुरा वर आला. ज्या वायूने एका झाडाच्या सात कळ्या गेल्या, त्यानेच दुसऱ्या झाडाला फुलवले, हे स्वतःच्या घरात पाहताना जो आनंद झाला तो वाचून झाला नसता. अर्थात हे प्रत्येक पर्णगुच्छाचे एकदाच होणारे फूल असते. तुरा गेल्यावर तो गुच्छ हळूहळू वाळतो, आणि पिल्लू आईच्या निम्म्याहून मोठे झाले की मग ते वेगळे करावे.

इतर रोपांनीही आपापल्या अटी घातल्या. होया कार्नोसा या वेलीची फुले वाळल्यावर उरलेला बारीक, ओकाबोका देठ मी नीटनेटकेपणाच्या हौसेने कापून टाकला होता. होया त्याच देठावर पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, पुन्हा फुलते. मी अनेक वर्षांची फुले एका कात्रीने कापली होती. नवा देठ यायला दीड वर्ष गेले. आता त्या देठांना हात लावत नाही, आणि रात्री त्या मेणासारख्या चांदण्यांचा सुगंध खोलीभर पसरला की मधाचे थेंब पडतील म्हणून खाली कागद अंथरते. अँथुरियम त्या मानाने सरळ आहे: त्याचा लाल चमकदार भाग म्हणजे रूपांतरित पान असते, खरी फुले मधल्या दांडीवर दाटीने बसलेली असतात, आणि वयात आलेल्या रोपाला भरपूर प्रकाश मिळाला की जवळजवळ प्रत्येक नव्या पानाच्या बगलेतून एक फूल निघते. पान आले आणि फूल आले नाही, तर मी ते रोप खिडकीकडे अर्धा फूट सरकवते. त्याच्या आणि पीस लिलीच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून ही दोन्ही रोपे लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवली आहेत.

पीस लिलीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मला आधी माहीत असती तर मी स्वतःला वर्षभर दोष दिला नसता. विक्रीसाठी वाढवलेल्या पीस लिलीवर बहुधा जिबरेलिक आम्ल हे वनस्पती-संप्रेरक फवारून तिला ठरलेल्या वेळी, एकदम भरपूर फुले आणली जातात. तो परिणाम ओसरल्यावर रोप आपल्या नैसर्गिक चक्रावर यायला वेळ घेते, आणि नंतर येणारी फुले संख्येने कमी असतात. दुसऱ्या वर्षी दोनच फुले आली तर ती त्या रोपाची स्वतःची, खिडकीतल्या प्रकाशावर मिळवलेली फुले आहेत.

पिठ्या ढेकणांनी मध्येच गाठले. पानाच्या बुडाशी, दांड्याच्या पेरांवरच्या पातळ आवरणाखाली कापसासारखे पुंजके दिसले की सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ते पुसायचे आणि दर पाच-सहा दिवसांनी महिनाभर पुन्हा तपासायचे. अंड्यांतून निघणारी पिल्ले पहिल्या पुसण्यात सापडत नाहीत, त्यामुळे एकदा पुसून निर्धास्त होणे महागात पडते. नवे रोप आता मी तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवल्याशिवाय बाकीच्यांत मिसळत नाही.

पुढच्या थंडीत ऑर्किडला दोन दांडे आले. या वेळी कळ्या दिसू लागल्यापासून कुंडी एका अंशानेही फिरवली नाही. दांडा प्रकाशाकडे झुकत वाढतो आणि ऑर्किडची कळी उमलण्यापूर्वी आपल्या देठावर साधारण अर्धे वर्तुळ वळते, म्हणजे ओठासारखी वेगळी दिसणारी पाकळी खाली येते. मध्येच कुंडी फिरवली तर प्रत्येक कळी आपली दिशा नव्याने शोधते आणि फुले ओळीत न राहता वेडीवाकडी तोंडे करतात. आधाराची काडी दांडा वीतभर असतानाच लावली, कारण नंतर तो ताठ होतो आणि वाकवताना मोडतो. ढगाळ दिवसांसाठी वर एक एलईडी दिवा लावला, बारा तासांच्या टायमरवर, आणि रात्र पूर्ण अंधारी राहील याची काळजी घेतली. या ऑर्किडची पर्णरंध्रे बहुतांशी रात्री उघडतात. पाणी वाचवण्यासाठी ते कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा प्रकाशात वापरते. दिवा रात्रभर जळत ठेवून त्याचे भले होणार नव्हते.

कोंब दिसल्यापासून पहिले फूल उमलायला सोळा आठवडे लागले. सर्वांत खालची कळी आधी उघडली, मग दर तीन-चार दिवसांनी एक. दोन्ही दांड्यांवर मिळून तेरा फुले आली, आणि शेवटचे फूल गळेपर्यंत तीन महिने होऊन गेले.

त्यानंतरचीही एक थंडी आता अर्धी सरली आहे. फळांची टोपली दुसऱ्या खोलीत आहे. होयाच्या दोन जुन्या देठांच्या टोकांना मोहरीएवढ्या कळ्या दिसू लागल्या आहेत, गुझमेनियाचे नवे पिल्लू आईच्या गुडघ्यापर्यंत आले आहे, आणि ऑर्किडचा दांडा वीतभर वाढून त्यावर पाचवे पेर आले आहे. आज सकाळी कुंडी उचलून उजेडात धरली. मुळे अजून हिरवी आहेत, म्हणून पाणी घातले नाही. परवा पुन्हा पाहीन.